गाडी आपलीच आहे

एसटी महामंडळाने २०२४च्या जुलैपासून 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. दर सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रकांनी एखाद्या आगारात जाऊन बसायचं, सकाळी दहा ते दुपारी दोन प्रवाशांच्या तक्रारी-सूचना ऐकायच्या आणि शक्य तिथे जागच्या जागी निकाल लावायचा, अशी ही योजना. हेतू चांगलाच आहे. फक्त त्यामागे असं धरून चाललेलं दिसतं की, महाराष्ट्रातल्या प्रवाशाच्या पोटात बऱ्याच तक्रारी साचून राहिल्या आहेत आणि त्या बोलून दाखवायला बिचाऱ्याला आजवर कुणी भेटलंच नाही.

एसटीचा प्रवासी पायरीवर पहिला पाय ठेवतो तेव्हा त्याची पहिली तक्रार बोलून झालेली असते. दुसरा पाय वर येईपर्यंत दुसरी. गाडी एवढी उशिरा का, उशिरा आली ती आली पण भरून का, काल का आली नाही, परवाच्या कंडक्टरकडे सुट्ट्याचे तीन रुपये राहिलेत ते कुणाकडे मागायचे, आणि फाट्यावरच्या निवाऱ्याचा पत्रा उडालाय तो कधी बसणार. हे सगळं तो त्या दिवशीच्या कंडक्टरला विचारतो. कंडक्टरचा त्या पत्र्याशी काडीचा संबंध नसतो. तरी तो "उद्या येताना घेऊन येतो" म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. चालत्या गाडीत, उभ्याने, सुट्टे मोजत रोज शेकडो माणसांचा दरबार भरवणारा हा माणूस महामंडळाचा खरा जनसंपर्क अधिकारी आहे. त्याला तसं कुणी म्हणत नाही. म्हटलं, तर तो त्याचा भत्ता मागेल.

शिवाय आगारातल्या दरबाराला एक तांत्रिक अडचण आहे. गाडी वेळेवर येत नाही ही तक्रार घेऊन निघालेला राजा गाडीनेच आगारात येणार. तो दोनच्या आत पोचला तर त्याची तक्रार खोटी ठरते, आणि तक्रार खरी असेल तर तो दोनच्या आत पोचत नाही.

गावाशी नातं जोडायचं म्हणून कंपन्या काय काय करतात! पत्रकं वाटतात, झाडं लावतात, शाळेत चित्रकला स्पर्धा घेऊन कंपासपेट्या देतात. एसटीने वेगळीच गोष्ट केली. तिने आपली गाडी रात्री गावात झोपायला ठेवली.

मुक्कामी गाडीचं शास्त्र साधं आहे. रात्रीची शेवटची फेरी तालुक्याहून निघते, रस्ता जिथे संपतो त्या गावात थांबते, तिथेच रात्र काढते आणि पहाटे पहिली गाडी होऊन उलटी निघते. असं केलं नाही तर भल्या पहाटे तालुक्याहून रिकामी गाडी एवढ्या लांब धाडावी लागेल. आणि कॉलेजची पोरं, बाजारचा भाजीपाला आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध तारीख असलेले भाऊबंद यांतलं कुणीच वेळेत पोचणार नाही. (भाऊबंद एकाच गाडीने जातात. बहुतेक वेळा एकाच बाकावर बसून. तिकीटही एकजणच काढतो आणि ते पैसे नंतर दाव्याच्या खर्चात धरतो.)

रात्री नऊला गाडी वडाखाली लागते आणि पहाटे साडेपाचला हलते. मधला वेळ महामंडळ आणि गाव एकाच ठिकाणी नांदतात. ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या व्हरांड्यात, देवळात, नाहीतर गाडीतच, मागच्या लांब बाकावर. त्यातल्या त्यात देऊळ बरं, कारण तिथे पंखा असतो. पण कार्तिकात जाऊ नये, भल्या पहाटे कानाशी काकडा सुरू होतो. दिवसभराच्या रोकडीची पिशवी कंडक्टर उशाला घेऊन झोपतो, हे साऱ्या गावाला माहीत असतं. पिशवीत किती आहेत हेही माहीत असतं, कारण आज गाडीने कोण कोण आलं आणि कुठून आलं याचा हिशेब पारावर त्याच्या आधी लागलेला असतो. कंडक्टरचा हिशेब जुळला नाही तर तो पारावर जाऊन विचारू शकतो.

पहाटे पाचला ड्रायव्हर इंजिन चालू करतो. मग हॉर्न. पहिल्या हॉर्नला गाव जागं होतं. दुसऱ्याला आंघोळीचं पाणी उतरवतं. तिसऱ्याला, आता मात्र गाडी खरंच निघणार हे ओळखून, चहाचं आधण ठेवतं. कंडक्टर खाली उभा राहून माणसं मोजतो, पण आकड्यांत नव्हे. वरच्या आळीच्या नर्सबाई आल्या, दूधवाला आला, पेन्शनवाले गुरुजी आले, बारावीची पोरगी अजून नाही. "परीक्षा हाय तिची. दोन मिंटं थांबू," तो म्हणतो आणि अख्खी गाडी थांबते. मग त्याच दोन मिनिटांपायी पुढच्या फाट्यावरचे लोक त्याचा उद्धार करतात. काल गाडी खोळंबली होती ती त्याच फाट्यावरच्या एका म्हातारीच्या चपलेसाठी, हे तिथे कुणाला आठवत नाही.

एका मार्गावर काही वर्षं काढलेल्या कंडक्टरला फसवणं अवघड. एसटीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. त्यामुळे महाराष्ट्रात मुलांचं पाचवं वर्ष फार लांबतं. मांडीवर न मावणारं, पाय खाली टेकलेलं, खिडकीतून बाहेरच्या पाट्या घडाघडा वाचणारं पोर "पाचाचं व्हायचंय अजून" या नावाखाली कितीतरी दिवाळ्या प्रवास करतं. नवा कंडक्टर वाद घालतो, शाळेचा दाखला मागतो, आणि सगळी गाडी त्या आईच्या बाजूने बोलू लागली की हरतो. जुना शांतपणे म्हणतो, "वहिनी, ह्याच्या बारशाचे पेढे खाल्लेत मी. कोरोनाच्या आधी." आणि अर्धं तिकीट हातावर ठेवतो.

आता वयाचं वारं उलटंही वाहू लागलंय. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. ज्या घरात नातवाला पाचाच्या खाली दाबून धरलं होतं त्याच घरात आजोबांना पंचाहत्तरच्या वर ढकलणं सुरू झालं. आजोबांना आपला जन्म ज्वारीच्या काढणीत झाला एवढंच ठाऊक. आधार कार्डावर मात्र असतं १ जून. खेड्यातल्या कितीतरी जुन्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना ती तारीख सोयीची पडली. गंमत अशी की, एसटीचा जन्मही १ जूनचाच. १९४८ साली त्या दिवशी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. ती तारीख कुण्या गुरुजींनी घातलेली नाही, खरीच आहे. पण पारावरच्या म्हाताऱ्यांना ती पटत नाही. ते एकमेकांकडे बघून ओळखीचं हसतात. त्या हिशेबाने २०२३च्या १ जूनला एसटीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणजे महामंडळाच्याच नियमाप्रमाणे तिला आता तिकीट पडत नाही.

त्याच वर्षी १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याने खेड्यातल्या संसारात जो फरक पडला तो कुठल्याही अहवालात सापडणार नाही. पूर्वी तालुक्याचं काम म्हटलं की घरधनी पांढरे कपडे घालून निघायचा, आणि काम राहिलं तरी भजी खाऊन यायचा. आता "तुला निम्मं पडतंय" म्हणून बँकेत बायको जाते, तहसीलला बायको जाते, बियाणं आणायलाही तीच जाते. वर्षभराने त्याच्या ध्यानात येतं की, बँकेतला साहेब तिला नावाने ओळखतो आणि आपल्याला पासबुक कुठे ठेवलंय ते विचारावं लागतं. हे सगळं निम्म्या तिकिटात.

मुक्कामी गाडीने माणसं जातात, हे तिचं दुय्यम काम. मुख्य काम निरोप आणि वस्तू पोचवणं. एसटीची रीतसर पार्सल सेवा आहे, तिची पावती मिळते, नियम आहेत. गावाची सेवा वेगळी. तिच्यात पावती नाही आणि पत्ताही नाही. मोटारीचं जळलेलं वाइंडिंग, फॉल-बीडिंगला द्यायची साडी, लघवीच्या तपासणीची बाटली, लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा, दांडी मोडलेला चष्मा आणि लोणच्याची बरणी (यांतली बरणी आणि बाटली शेजारी ठेवू नये, एवढं कंडक्टर अनुभवाने शिकतो) असं सगळं इंजिनाशेजारी रचलं जातं. "मास्तर, तेवढं स्टँडवर पोरगा येईल, द्या त्याला." पोरगा कसा ओळखायचा? "निळा शर्ट आसंल." स्टँडवर निळ्या शर्टाची चाळीस पोरं उभी असतात, कारण कॉलेजचा गणवेशच निळा आहे.

सगळ्यात मोठी जबाबदारी डब्याची. तालुक्याला, जिल्ह्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे वर्षानुवर्षं पहिल्या गाडीने जात आले. डब्याबरोबर आईचा निरोप जातो : अभ्यास कर म्हणावं, आंघोळ करत जा म्हणावं, मागचे दोन डबे परत पाठव म्हणावं. कंडक्टर हे सगळं तिकीट फाडायच्या सुरात त्या पोराला म्हणून दाखवतो आणि संध्याकाळी परतीचा अहवाल देतो. "डबा दिला. पण मावशी, तो घ्यायला दुसऱ्याच कुणाच्या फटफटीवरनं आलता." एवढ्या एका वाक्याने पुढच्या मुक्कामी गाडीतून वडील तालुक्याला रवाना होतात. खासगी कुरिअर कंपनीला हे जमलेलं नाही.

अशी गाडी गावाला मिळते कशी? निवेदनाने. निवेदनाच्या वर विषय असतो, खाली सह्या असतात, सह्यांच्या खाली अंगठे असतात. पहिल्या निवेदनाला उत्तर येतं की रस्ता अरुंद आहे. रस्ता रुंद झाला की उत्तर येतं, गाडी वळवायला जागा नाही. जागेसाठी गाव एक चिंच तोडतं आणि तिच्यावरून ग्रामपंचायतीची एक निवडणूक होते. मग गाड्या कमी आहेत. मग चालक कमी आहेत. या सगळ्यात पहिली सही ज्याची असते तो एव्हाना फुकट प्रवासाच्या वयाचा झालेला असतो.

पण गाडी आली की तो दिवस पाहावा. पहिल्या गाडीचे वाहक लक्ष्मण केवटे १९४८ची आठवण सांगताना म्हणत की, वाटेतल्या गावांमधून लोक गाडीच्या स्वागताला येत आणि सुवासिनी तिची पूजा करत. त्या पद्धतीत आजही फारसा बदल नाही. टायरला हळदकुंकू, काचेवर स्वस्तिक, ड्रायव्हरच्या गळ्यात हार, कंडक्टरच्या हातात नारळ. नवीन भर पडली ती फ्लेक्सची. त्यावर चौदा चेहरे असतात आणि कोपऱ्यात, जागा उरलीच तर, गाडी. दोन पक्षांचे दोन नारळ असल्यामुळे गाडीचं उद्घाटन एकदा फाट्यावर होतं आणि एकदा मारुतीपुढे. झेंडा दाखवून झाला की पुढारी टाळ्या वाजवतात, गाडीत चढून पहिल्या बाकावर फोटो काढतात, खाली उतरतात आणि आपापल्या गाड्यांनी घरी जातात. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा असते. तिच्यावर बसलेल्या मावशींना खिडकीतून आमदारांची गाडी धुरळा उडवत पुढे जाताना स्पष्ट दिसते.

हार घातलेल्या त्याच गाडीला पुढे कधीतरी दगड पडतो. कांद्याचा भाव पडला, दगड एसटीवर. पाण्याचं आवर्तन सुटलं नाही, दगड एसटीवर. सीमाप्रश्न तापला की कर्नाटकात आपल्या गाडीला काळं लागतं, इकडे त्यांच्या गाडीला लागतं, आणि कोल्हापूरच्या स्टँडवर दोन्हीकडचे प्रवासी एकाच बाकड्यावर बसून वाट बघतात. त्याच रस्त्याने जाणाऱ्या खासगी लक्झरीला सहसा ओरखडा उठत नाही. कारण लक्झरीला मालक असतो, आणि तो रात्री घरी येऊन विचारतो. एसटी आपली आहे, असं गाव मनापासून मानतं, आणि आपल्या वस्तूचं काय करायचं हे आपणच ठरवायचं असतं. ज्याने संध्याकाळी काच फोडली तोच दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिडकीत मफलर गुंडाळून बसतो आणि कंडक्टरला खडसावतो, "काच न्हाई व्हय हितं? लोकांनी गारठून मरायचं का? लक्षच न्हाई तुमचं गाड्यांकडं."

आता वडापबद्दल दोन शब्द. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात आणि इतर भागात काळी-पिवळी, त्या जीपवाल्याचंही गावाशी नातं आहे आणि ते एसटीपेक्षा गोड आहे. तो दारापर्यंत येतो, पैसे उद्या घेतो, "बसा, निघालोच" म्हणतो आणि सोळावं माणूस मिळेपर्यंत निघत नाही. पंधरावा माणूस त्याच्या उजव्या हाताला बसतो, त्यामुळे तो स्वतः गाडी मधल्या बाजूने चालवतो. तरी वडापची तक्रार करताना कुणी दिसणार नाही. तिला वेळापत्रक नाही म्हणून उशीर नाही, आसनक्षमता कुणी वाचलेली नाही म्हणून गर्दी नाही. एसटीत मात्र शेजारच्याचं कोपर लागलं तरी माणूस थेट महामंडळाच्या कारभारावर येतो.

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि जवळजवळ साडेपाच महिने बहुतेक गाड्या उभ्याच होत्या. कामगारांच्या घरी त्यात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. गावांना तेव्हा पहाटे उठायला मोबाइल होते, जायला वडाप होतं, डबे पोचवायला कुणाचा तरी पुतण्या होता. अडचण एवढीच झाली की, सकाळी साडेपाचला मनसोक्त बोलायला कुणी उरलं नाही. ती जागा काही दिवस घरच्यांनी चालवली.

मुक्कामी गाडीवर खरं संकट येतं ते आगारातून, एका कागदाच्या रूपाने. 'सदर फेरीचे भारमान कमी असून उत्पन्न समाधानकारक नाही, सबब...' भारमान म्हणजे गाडीतल्या जागा किती भरल्या त्याचा हिशेब. 'सबब'च्या पुढे कुणी वाचत नाही. त्या रात्री देवळात बैठक बसते. एरवी गटाराच्या दिशेवरही एकमत न होणारं गाव तासाभरात ठरवतं की, पुढच्या आठवड्यात गाडी भरली पाहिजे. वेळापत्रक लागतं. सोमवारी वरची आळी, मंगळवारी खालची, बुधवारी बचत गट, गुरुवारी भजनी मंडळ टाळ-पखवाजासह. आणि पंचाहत्तरीच्या पुढचे सगळे रोज, कारण त्यांना शून्याचं तिकीट मिळतं आणि डोकं तेवढंच मोजलं जातं.

सोमवारपासून गाडी वडाखालूनच उभी माणसं घेऊन निघू लागते. कंडक्टर सगळ्यांना विचारतो, "काय काम काढलं?" आणि कुणालाच काम सांगता येत नाही. वरची आळी स्टँडवर उतरते, चहा पिते, परत बसते. म्हातारी माणसं मात्र दोनच दिवसांत रुळतात. एकाचे डोळे तपासून होतात. एकजण तीस वर्षांपूर्वी भांडण झालेल्या मेव्हण्याच्या घरी जाऊन जेवून येतो. तिघेजण स्टँडवरच्या कँटीनजवळचा बाक कायमचा धरतात आणि इतर गावांच्या म्हाताऱ्यांना तिथे बसू देत नाहीत. एका आजींना नातीसाठी स्थळ मिळतं, तेही परतीच्या गाडीत, कंडक्टरच्या मध्यस्थीने.

आठवडाअखेर भारमान शंभराच्या वर जातं. आगारात कुणीतरी मशीन तपासतं, मग कंडक्टरला तपासतं, मग गप्प बसतं. फेरी चालू राहते.

त्याच्या पुढच्या आठवड्यात गावचं निवेदन आगारात पोचतं. विषय : मुक्कामी गाडीस होणारी असह्य गर्दी, ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय व दुसरी गाडी तातडीने सुरू करणेबाबत. सरपंचांच्या सहीच्याही वर अकरा अंगठे आणि सह्या असतात, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्यांच्या. त्यांना खिडकी मिळत नव्हती.